चौफुल्याचा गोळीबार आणि दोन दिवसांचे मौन

२१ जुलै २०२५ च्या रात्री दौंड तालुक्यात, चौफुल्याजवळ वाखारी गावच्या हद्दीतील एका कला केंद्रात नृत्याचा कार्यक्रम चालू असताना गोळी झाडली गेली. त्याबद्दलचा गुन्हा यवत पोलीस ठाण्यात नोंदला गेला तो २३ जुलैला. गोळी हवेत झाडलेली होती आणि सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. संशयितांमध्ये राजकीय घराण्याशी नाते असलेल्या व्यक्तीचे नाव आल्यामुळे हे प्रकरण तालुक्यापुरते राहिले नाही. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत ते गाजले, आरोप-प्रत्यारोप झाले, पिस्तूल कोणाचे आणि पाठीशी कोण याची चर्चा झाली, अटका झाल्या. मग नित्याप्रमाणे दुसरे विषय आले. आरोपांची सत्यासत्यता ठरविणे हा न्यायालयाचा प्रांत आहे आणि त्यात येथे पाऊल टाकण्याचे कारण नाही. परंतु या घटनेतील एका गोष्टीचा निवाडा कोणत्याही न्यायालयापुढे यायचा नाही. भरल्या सभागृहात गोळी सुटते, ती पाहणारे आणि ऐकणारे अनेक असतात, आणि सरकारी दप्तरात तिची नोंद व्हायला दोन दिवस लागतात, ही ती गोष्ट होय.

त्या दोन दिवसांत तेथे नाचणाऱ्या आणि गाणाऱ्या स्त्रियांनी, ढोलकी आणि पेटी वाजविणाऱ्या साथीदारांनी काय केले असेल? बहुधा दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी पायांत चाळ बांधून त्या स्त्रिया पुन्हा उभ्या राहिल्या असतील. त्यांना कदाचित कोणी विचारले नसेल, आणि त्यांनीही आपण होऊन कोणास काही सांगितले नसेल. भीती हे याचे सोपे उत्तर आहे, पण ते पुरे नाही. भीती असतेच. तथापि ज्या व्यवस्थेत गप्प राहणे फायद्याचे आणि बोलणे तोट्याचे ठरते, तेथे शूर माणसेदेखील गप्प बसतात. कला केंद्रांची आजची व्यवस्था नेमकी अशी आहे.

चौफुला हे नावाप्रमाणेच चार वाटांचे ठिकाण आहे. पुणे-सोलापूर महामार्गावर यवत मागे पडले की काही किलोमीटरवर हा चौक लागतो. एक फाटा केडगावकडून शिरूरच्या बाजूस जातो, दुसरा सुपे-मोरगावमार्गे बारामतीकडे. खडकवासल्याच्या नव्या मुठा उजव्या कालव्याने या पट्ट्यात ऊस आणला, उसाने गुऱ्हाळे आणली, पाटसला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, कुरकुंभला औद्योगिक वसाहत झाली. पुढे पुणे शहर पसरत पूर्वेकडे सरकले आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. बागायतीचा पैसा हंगामाला येतो, पगाराचा पैसा महिन्याला येतो, पण जमीन विकून येणारा पैसा आयुष्यात एकदाच आणि एकरकमी येतो. त्याचे काय करावयाचे याचे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नाही. यातला काही पैसा बंगल्यात गेला, काही मोटारीत, काही निवडणुकीत. आणि काही चौफुल्याच्या रात्रींत. ज्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळात होरपळलेल्या निराधार मुलींना आणि विधवांना आसरा दिला, ते केडगाव येथून हाकेच्या अंतरावर आहे, हा योगायोग या रस्त्याने नित्य जाणाऱ्या शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या ध्यानातही येत नसेल.

कला केंद्र म्हणजे काय, याविषयी सुशिक्षित वर्गात पुष्कळ अज्ञान आणि त्याहून अधिक गृहीतके आहेत. शहरातील नाइट क्लबची ती गावठी आवृत्ती आहे, असे समजणारे बरेच आहेत. वस्तुतः ही संस्था पुष्कळ जुनी आहे. ढोलकी-फडाचा तमाशा तंबू घेऊन गावोगाव, जत्रेजत्रेला हिंडतो; संगीत बारी एका थिएटरात मुक्काम करून राहते. एकेका थिएटरात अनेक पार्ट्या असतात, प्रत्येक पार्टीची एक मालकीण असते, संध्याकाळी पार्ट्या आपापल्या बारीप्रमाणे रंगमंचावर येतात आणि नंतर रसिकांच्या पसंतीप्रमाणे त्यांच्या बैठका होतात. पुण्याचे आर्यभूषण, मोडनिंब आणि जामखेडची थिएटरे, आणि चौफुला ही या जगातली नावाजलेली ठिकाणे. याच परंपरेतून आलेल्या वाईच्या यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. बसून अदा करावयाची बैठकीची लावणी, तिच्यातील रागदारी आणि अभिनय हे संगीत बारीने जपलेले धन आहे. आज पुष्कळ ठिकाणी पेटी-ढोलकीच्या जागी ध्वनिमुद्रित चित्रपटगीते आणि डीजे आले, बैठकीच्या जागी धांगडधिंगा आला, हेही खरे. पण धंद्याचे स्वरूप पालटले म्हणून त्यात राबणाऱ्या स्त्रीचा जीव स्वस्त होत नाही.

या व्यवसायाचे अर्थशास्त्र समजून घेतल्याशिवाय त्यातील धोका समजत नाही. बैठकीच्या बिदागीत थिएटरमालकाचा वाटा असतो, पार्टीच्या मालकिणीचा असतो, साथीदारांचा असतो. उरते ते नाचणारीचे. तिची खरी मदार दौलतजादावर. दौलतजादा हे बक्षीस आहे, परंतु ते मुकाट्याने दिले जात नाही. ते दाखवून, उधळून, शेजारच्या गादीवर बसलेल्याला खिजवून दिले जाते. थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्ये धनिकांच्या दिखाऊ उपभोगाची जी मीमांसा केली, तिला याहून चोख उदाहरण सापडणे कठीण. वस्तूचा उपभोग येथे गौण असतो. मी किती उधळू शकतो हे चारचौघांनी पाहणे मुख्य असते. एकाने पाचशेच्या नोटा काढल्या की दुसऱ्याला थांबता येत नाही. ही चढाओढ नोटांनी भागेनाशी झाली की हत्यार बाहेर येते. कारण हत्यार हीदेखील उधळण्याचीच वस्तू आहे. 'मला कायदा लागू नाही' हे नोटांच्या पुडक्यापेक्षा एका गोळीने अधिक मोठ्या आवाजात सांगता येते. हवेत झाडलेली गोळी कोणावर नेम धरून झाडलेली नसते म्हणून तिला गंमत समजण्याची रीत आहे. लग्नाच्या वरातीपासून निवडणुकीच्या मिरवणुकीपर्यंत हीच रीत. ही गंमत जीव घेते हे पाहून संसदेने २०१९ साली शस्त्र अधिनियमात दुरुस्ती केली आणि जल्लोषात बेफिकिरीने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. छप्पर असलेल्या सभागृहात 'हवेत' या शब्दाला तसा अर्थच नसतो. गोळी पत्र्याला, तुळईला किंवा भिंतीला लागून कोठे वळेल हे झाडणाऱ्याच्या हाती नसते.

आता प्रश्न असा की, त्या सभागृहात उभ्या असलेल्या स्त्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? कारखान्यात हा प्रश्न सुटलेला आहे, कचेरीत सुटलेला आहे. कला केंद्रात तो विचारला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो. थिएटरमालक म्हणतो, जागा माझी. पार्ट्या स्वतंत्र आहेत, त्या माझ्या नोकर नव्हेत. पार्टीची मालकीण म्हणते, मुली घरच्या आहेत, वाट्यावर नाचतात; पगार कोणाला? गिऱ्हाईक म्हणते, पैसे मोजले, संबंध संपला. अशा रीतीने रात्रभर चाललेल्या, अनेक कुटुंबांची चूल पेटविणाऱ्या या उद्योगात मजूर आहेत, नफा आहे, परंतु मालक नाही. जबाबदारी वाटून घेतली की तिचा काहीच भाग कोणाच्या वाट्याला येत नाही, हे येथे जेवढे स्पष्ट दिसते तेवढे क्वचितच दिसत असेल.

कायदा इतका भाबडा नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा असंघटित क्षेत्रालाही लागू आहे. कामाच्या जागेशी ज्यांचा संबंध येतो अशा बाहेरच्या माणसांपासूनही स्त्रीला सुरक्षित वातावरण देणे हे त्याच्या १९ व्या कलमाने मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. गिऱ्हाइकाच्या हातातील पिस्तुलाला आणि त्याच्या लांबणाऱ्या हाताला हे शब्द तंतोतंत लागू पडतात. जेथे दहाहून कमी माणसे कामाला आहेत किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथे दाद मागण्यासाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असावी अशीही तरतूद त्यात आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर स्त्रीला कामास ठेवावयाचे तर तिची संमती, तिच्या प्रतिष्ठेचे आणि सुरक्षिततेचे पुरेसे रक्षण आणि घरापर्यंतच्या वाहनाची सोय या अटी घातल्या आहेत. संगणक कंपनीतील रात्रपाळीच्या मुलीसाठी या अटी पाळल्या जातात, निदान त्यांची वही तरी ठेवली जाते. चौफुल्याच्या सभागृहात साडेनऊ वाजता काम सुरू होते म्हटले तरी चालेल. तेथे ती वही कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही. कारण तेथील स्त्री 'कामगार' आहे हेच कोणाच्या डोक्यात आलेले नाही. पोलिसांच्या दृष्टीने ती कायदा-सुव्यवस्थेचा विषय, पुढाऱ्यांच्या दृष्टीने संस्कृतीचा विषय आणि शेजाऱ्यांच्या दृष्टीने नीतीचा.

नोंदीला दोन दिवस का लागतात याचे उत्तर याच्याही पुढे, परवान्याच्या पद्धतीत सापडते. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना १९५१ च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३३ व्या कलमाखालील नियमांनी परवाना लागतो. परवाना देणारे सरकार, तो काढून घेणारेही सरकार. अशा ठिकाणी काही आगळीक घडली तर कोणत्याही व्यवस्थापकापुढे दोनच वाटा असतात. त्याने पोलिसांना कळविले तर पंचनामा होणार, सभागृहास टाळे लागणार, कारणे दाखवा नोटीस येणार, ग्रामसभेत केंद्र बंद करण्याचा ठराव येणार आणि ज्याने गोळी झाडली त्याचे वैर पदरी पडणार ते वेगळेच. त्याने कळविले नाही, तर बहुधा काहीच होणार नाही. फरशी पुसली, नोटा वेचल्या, ढोलकीवर थाप पडली की झाले. या हिशेबात जो मनुष्य कळविण्याची वाट धरील तो सज्जन असेल, पण व्यवहारी खचित नव्हे; आणि कायदा केवळ सज्जनांच्या भरवशावर चालविता येत नाही. नाचणाऱ्या मुलीचा हिशेब तर याहून सरळ आहे. केंद्र महिनाभर बंद पडले तर मालकाचा महिन्याचा नफा बुडतो, तिची मात्र पोरांची फी, आईचे औषध आणि गावाकडच्या घराचा हप्ता बुडतो. कोल्हाटी आणि तत्सम भटक्या जमातींत एका नाचणाऱ्या बाईच्या मिळकतीवर भावांसह अख्खे कुटुंब कसे उभे असते, हे किशोर शांताबाई काळे यांनी 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात १९९४ मध्ये जगापुढे मांडलेच आहे. परवाना रद्द करण्याची शिक्षा गुन्हेगाराला होत नाही. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला ती होते, आणि म्हणून गुन्हा ज्याच्यावर घडला तोच तो लपवितो.

यावर 'मग केंद्रेच बंद करा' हा उपाय सुचविला जाईल, किंबहुना सुचविला गेला आहे. २०२५ मध्येच धाराशिव जिल्ह्यात नियमभंगाबद्दल काही कला केंद्रांचे परवाने रद्द झाले. या मागणीमागे जी माणसे आहेत त्यांची टवाळी करण्याचे कारण नाही. रात्री दोन वाजता भरधाव सुटणाऱ्या मोटारी, चौकात फुटलेल्या बाटल्या, आठवड्याच्या मजुरीचे पैसे उडवून आलेला नवरा, हे सारे गावकऱ्यांना, आणि त्यातही बायकांना सोसावे लागते. परंतु बंदीचा प्रयोग महाराष्ट्राने यापूर्वी केलेला आहे आणि त्याचा हिशेब उपलब्ध आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ च्या सुमारास, बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांच्या गाऱ्हाण्यानंतर ती मागे घ्यावी लागली आणि दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारणेसाठी समिती नेमावी लागली. दुसरा प्रयोग अलीकडचा. २००५ मध्ये पोलीस कायद्यात ३३-अ आणि ३३-ब ही कलमे घालून राज्यातील डान्स बार बंद करण्यात आले. मात्र तारांकित हॉटेलांना आणि क्लबांना त्यातून वगळले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी घटनाबाह्य ठरविली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. बंदीमुळे बेरोजगार झालेल्या स्त्रियांचा ७५ हजारांहून अधिक हा आकडा न्यायालयापुढे आला होता. रोगापेक्षा औषध जालीम ठरले, असाच न्यायालयाच्या मताचा आशय होता. बंदीने नाच थांबला नाही. तो लपला, आणि लपलेल्या जागी नाचणाऱ्या बाईला पोलीस ठाण्याची वाट पहिल्याहून दूर झाली.

तिसऱ्या वेळी, २०१६ साली, नवा कायदा झाला; त्याच्या अटींची १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एकेक करून छाननी केली. नृत्याच्या जागी कॅमेरे लावण्याची सक्ती खासगीपणावर आघात करणारी म्हणून रद्द झाली. शाळा आणि देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अटही टिकली नाही. परंतु संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकराची वेळ, नोटा आणि नाणी उधळण्यास मनाई, आणि काम करणाऱ्या स्त्रीशी लेखी करार करून मोबदला तिच्या बँक खात्यात भरणे, या गोष्टी न्यायालयाने मान्य केल्या. हातात दिलेले बक्षीस मात्र तिला घेता येईल असे सांगितले. या निकालपत्रातील विवेक असा की, जी अट स्त्रीला पुसून टाकण्यासाठी आहे ती काढली आणि जी तिच्या रक्षणासाठी आहे ती ठेवली. मुंबईच्या बारमध्ये नाचणाऱ्या मुलीला लेखी कराराचा आधार मिळाला, आणि पद्मश्रीची परंपरा सांगणाऱ्या संगीत बारीतील मुलीला तो नाही, ही विसंगती सांस्कृतिक खात्याच्या नजरेस आणून देण्यासारखी आहे.

बंदुकीचा धोका बातमीत येतो, आगीचा येत नाही, निदान आग लागेपर्यंत येत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईच्या कमला मिल आवारातील गच्चीवरल्या उपाहारगृहांत १४ जणांचे प्राण गेले. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला आग लागून २५ जण मेले आणि त्यांतील बहुसंख्य नाचायला आलेले पर्यटक नव्हते, तेथेच राबणारे नोकर होते. रात्रीच्या करमणुकीत दुर्घटना झाली की मरणाराचा वर्ग बहुधा ठरलेला असतो. गिऱ्हाईक दर्शनी दाराजवळ असते, कामगार मागच्या खोलीत. ज्या केंद्रांत पार्ट्या तेथेच राहतात, स्वयंपाक करतात, लेकरे निजवितात, तेथे मागच्या खोल्यांना बाहेर पडायला दुसरे दार आहे की नाही, एवढे पाहायला अग्निशमन शास्त्राची पदवी लागत नाही.

मग करावयाचे काय? परवान्याचा हिशेब उलटा केल्याशिवाय काही होणार नाही. ज्या केंद्राने हत्याराची, मारहाणीची किंवा छेडछाडीची खबर तासा-दोन तासांत पोलिसांना दिली, त्याच्या परवान्याला त्या घटनेमुळे धक्का लागणार नाही, अशी अट परवान्यातच लिहिली पाहिजे. आणि खबर दडविली असे निष्पन्न झाले तर मात्र परवाना गेलाच पाहिजे. ही कल्पना काही अद्भुत नव्हे. चौफुल्याहून थोड्याच अंतरावर असलेल्या कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांना ती रोजची आहे. धोकादायक घटना घडली तर कोणी जखमी झालेला नसला तरी तिची सूचना देणे १९४८ च्या कारखाना कायद्याने बंधनकारक केले होते आणि नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद राहिली आहे. स्फोट झाला पण कोणी मेले नाही, म्हणून तेथे कोणी फरशी पुसून मोकळा होऊ शकत नाही. रसायनाच्या पिंपाला जे नियम लागू आहेत ते माणसांच्या सभागृहाला लागू करण्यात कोणती अडचण आहे, ते गृहखात्याने सांगावे.

हत्यार दारातच अडविणे हे त्याच्या पाठोपाठ येते. धातुशोधक यंत्राची किंमत एका मोठ्या रात्रीच्या दौलतजादापुढे काहीच नाही. ज्याच्याजवळ परवान्याचे शस्त्र आहे त्याने ते घरी ठेवून यावे, आत आणल्यास त्याचा शस्त्रपरवाना रद्द करण्याची शिफारस पोलिसांनी करावी. सार्वजनिक सुरक्षिततेच्या कारणावरून परवाना काढून घेण्याचा अधिकार शस्त्र अधिनियमाच्या १७ व्या कलमाने दिलेलाच आहे. तो वापरताना समोरच्याचे आडनाव पाहिले जाते, ही या जिल्ह्यातील खरी अडचण. दारावरचा पहारेकरी गावचाच असतो. ज्याची झडती घ्यावयाची त्याच्याच शेतावर त्याचा भाऊ ट्रॅक्टर चालवीत असतो. म्हणून ही झडती पहारेकऱ्याच्या हिमतीवर न सोडता यंत्रावर आणि लिहिलेल्या नियमावर सोपविलेली बरी. याचा खर्च गिऱ्हाइकाच्या प्रवेश-शुल्कातून निघावा. त्यामुळे काही गिऱ्हाइके दुसरीकडे जातील असे मालक म्हणतील. ज्याला पिस्तुलाशिवाय लावणी ऐकता येत नाही, असे गिऱ्हाईक गेलेले तोट्याचे की फायद्याचे, याचा विचार त्यांनीच करावा.

नियम लिहून भागत नाही, त्यांवर नजर ठेवणारालाही आपला फायदा दिसावा लागतो. रात्रीच्या धंद्यात वेळेनंतर अर्धा तास अधिक चालण्याची किंमत ठरलेली असते आणि ती कोठे पोचते हे उघड गुपित आहे, असे सर्वत्र बोलले जाते. ते चौफुल्याबाबत खरे की खोटे, याची चौकशी वरिष्ठांनी करावी. पण ज्या मुलीला स्थानिक समितीच्या अध्यक्षांचा दूरध्वनी क्रमांक ठाऊक आहे, जिच्या नावाचा करार आहे आणि जिचे पैसे खात्यात जमा होतात, तिचे तोंड बंद ठेवणे थोडे महाग पडते. या तीन गोष्टींना सरकारचा फारसा खर्च येत नाही. समिती जिल्ह्याला असावीच लागते. तिचा फलक मराठीत, मोठ्या अक्षरांत, मेकअपच्या खोलीत लावणे एवढेच उरते; मालकाच्या कचेरीत लावून उपयोग नाही.

दरम्यान जुलैचा तो खटला आपल्या गतीने पुढे जाईल. अशा खटल्यात सभागृहातील स्त्रियांची साक्ष निर्णायक असते, आणि पार्ट्या तर हंगामाप्रमाणे थिएटरे बदलतात. आज चौफुल्याला असलेली पार्टी पुढच्या वर्षी मोडनिंबला किंवा जामखेडला असते. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच मंजूर केली आहे, आणि नव्या फौजदारी संहितेने प्रत्येक राज्यावर अशा योजनेचे बंधन घातले आहे. ती या साक्षीदारांना मिळावयाची तर प्रत्येकीचा कायमचा पत्ता, प्रवासखर्चाची तजवीज आणि साक्षीच्या दिवशी बुडणाऱ्या रात्रीच्या मिळकतीची भरपाई, या गोष्टी यवत ठाण्याच्या कागदपत्रांत आतापासूनच नोंदून ठेवाव्या लागतील.